मशीन मोठंच घ्या

"वरून झाकण उघडणारं नको," फोनमधून इल्होम म्हणाला. "पुढून दार असलेलं दाखव."

मुनिसानं फोन दुसऱ्या रांगेकडे वळवला. इस्फारा शहराच्या बाजारातलं ते दुकान कपडे धुण्याच्या पांढऱ्या मशिनांनी गच्च भरलं होतं. शेजारी तिची सासू सोरोबीबी पिशवी पोटाशी धरून उभी होती. दुकानदार मुहिद्दीन एकेक दार उघडून दाखवत होता आणि मधूनच फोनमध्ये डोकावत होता.

"काय रे इल्होम, येतोस कधी? का तिकडच्या बर्फातच मुरलास?"

"येतो की! यंदा हिवाळ्यात नक्की," इल्होम हसला.

इल्होम, तिचा नवरा, रशियात ज्या शहरात होता त्याचं नाव मुनिसाला धड उच्चारताही येत नसे. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तो तिकडे बांधकामावर गेला. आधी दर हिवाळ्यात घरी यायचा. मग एकाआड एक. अलीकडे तर येणंच थांबलं होतं. मजुरांच्या पत्र्याच्या डब्यात दाटीवाटीनं राहतो, कपडे बादलीत बुचकळतो, असं सांगायचा.

मशीनचा हट्ट मात्र सासूचा होता आणि त्याचंच नवल होतं. इतकी वर्षं मुनिसा पाटाच्या पाण्यात कपडे धूत आली होती. थंडीत बोटांना भेगा पडून रक्त यायचं. एकदा तिनं मशीनचा विषय काढला, तर सोरोबीबी फणकारली होती, "हात काय शोभेला दिलेत का गं देवानं? आणि पोरंबाळं कुठं लागून गेलीत तुझ्यामागं?" त्यानंतर मुनिसानं पुन्हा विषय काढला नाही. पण या उन्हाळ्यात, जर्दाळू वाळत घातले तेव्हापासून, सासूनं एकच घोशा लावला. मुनिसाला मशीन घ्यायचं, आणि घ्यायचं तर मोठंच. मुनिसानं शेजारणीला कौतुकानं सांगितलंही, "आमच्या सासूबाई म्हातारपणी मवाळ झाल्या हो."

"हे बघ," इल्होम फोनवरून समजावत होता, "दाराला आतून गोल रबर आहे ना? खालून बोट घाल त्याच्यात."

मुनिसानं बोट घातलं.

"तिथं पाणी साचतं. धुणं झालं की फडक्यानं पुसून घ्यायचं, नाहीतर घाण वास मारतो. आणि दार लगेच लावायचं नाही. उघडं ठेवायचं जरा वेळ."

"अरे, तू तर माझं दुकान बंद पाडशील!" मुहिद्दीन खूश झाला. "थांबा खाला, विजेचा दाब सांभाळणारा डबा पण दाखवतो. आपल्याकडच्या विजेचा काय भरवसा!" असं सोरोबीबीला म्हणत तो मागच्या खोलीत गेला.

मुनिसालाही हसू आलं. घरी असताना या माणसानं पाण्याचा पेला कधी उचलून ठेवला नव्हता. ती हसताना पाहून इल्होमला आणखी चेव चढला.

"आणि त्या खाचेत बारीकसारीक कपडे अडकतात. पोरीचे मोजे तर हमखास. एक हाताला लागतो आणि दुसरा शोधत बसा..."



"कुणाच्या पोरीचे?" मुनिसानं विचारलं.

इल्होमनं मान बाजूला फिरवली. त्याच्या मागची भिंत मुनिसाला आत्ता दिसली. भिंतीला निळ्या फुलांचा कागद लावलेला होता. तो मजुरांचा डबा नव्हता. कुणाचं तरी नीटनेटकं घर होतं.

"आवाज तुटतोय गं. हॅलो? ऐकू येत नाही. नंतर करतो."

फोन बंद झाला.

मुनिसा सासूकडे वळली. तिला वाटलं, म्हातारी हादरली असेल, तिला धरावं लागेल. सोरोबीबी जमिनीकडे बघत उभी होती. तिच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण धक्का नव्हता.

"आई," मुनिसा हळूच म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं."

सोरोबीबी खाली बघतच म्हणाली, "त्याची पोर तिकडं चालायला लागलीय म्हणे. जर्दाळूच्या वेळी सांगितलंन मला. मी त्याला नाही नाही ते बोलले, मुनिसा. शिव्या दिल्या, रडले. तुला सांगायला रोज तोंड उघडायची, पण शब्द फुटायचा नाही. मग त्याला म्हटलं, तिचं जे केलंस ते केलंस, निदान एक मशीन तरी घेऊन दे तिला. त्या गार पाण्यातून तरी सुटू दे." ती पिशवीचा बंद नुसताच पिळत राहिली. "तू माहेरी निघून गेलीस तरी मी तुला बोल लावणार नाही. मशीन घेऊन जा. तुझंच आहे ते."

रबरात घातलेलं बोट ओलं नव्हतं, तरी मुनिसानं ते ओढणीला पुसलं. पुन्हा पुन्हा पुसलं. डोळे भरून आले तशी ती मशिनांकडे तोंड करून उभी राहिली. बाहेर बाजारात कुणीतरी गरम नानची हाळी देत होतं. मागे सासूचा श्वास ऐकू येत होता, हुंदका दाबलेला. आपण रडलो तर सुनेला जड जाईल म्हणून म्हातारी तोंडावर डोक्याच्या रुमालाचं टोक धरून उभी होती.

मुहिद्दीन हातात लोखंडी डबा घेऊन आला.

"हां खाला, मग मोठंच काढू ना? रजयासुद्धा धुऊन निघतील. माणसं किती आहेत घरात?"

सोरोबीबीनं मान वर करून मुनिसाकडे पाहिलं.

मुनिसानं डोळे पुसले. "लहान द्या, भाऊ," ती म्हणाली. "आम्ही दोघीच आहोत."