मधली जागा

दाजी परबांनी मोबाईल अपेक्षाच्या टेबलावर आपटला. "ह्यां कोणी केल्यान?"

पडद्यावर देवस्थानच्या वेबसाइटवरची मानकऱ्यांची यादी होती. एक नंबरला परब. त्यांच्याखाली, दोन नंबरला, राऊळ.

जत्रेला पालखीपुढे गुरव परबांना पुकारतो, मग 'दोन' म्हणून थांबतो. कोणी पुढे येत नाही. मग तीनला राऊळ. वीस वर्षं असंच चाललं होतं. परब आणि राऊळ यांच्यात ती रिकामी जागा होती, म्हणून जत्रा डोकी न फुटता पार पडत होती. आज दुपारपर्यंत राऊळांनी ही यादी अर्ध्या गावाला पाठवली होती.

"काल बरोबर होती. मधली जागा गेली खंय? शिकलेली म्हणान हय बसवली तुका."

अपेक्षा तीन महिन्यांपूर्वी कुडाळहून येऊन देवस्थानच्या कचेरीत कामाला लागली होती. तिने शांतपणे फाइल उघडून दाखवली. आत एकनंतर तीनच लिहिलं होतं. साइटचा मजकूर मार्कडाऊन नावाच्या खुणांच्या पद्धतीत लिहिलेला असतो, ती म्हणाली. ओळीच्या सुरुवातीला आकडा आणि टिंब दिसलं की ते स्वतःच ओळीने मोजत सुटतं. मधला आकडा मुद्दाम सोडलाय हे त्याला कळत नाही. टिंबाआधी उलटी तिरकी रेघ दिली, की लिहिलंय तसंच राहतं.

"मग दी रेघ. वाट कोणाची बघतस गो?"

"राऊळ उद्या मला जाब विचारतील. लेखी द्या. दुसरी जागा कोणाची?"

"देवाची."

"देव सगळ्यांचाच, म्हणतील ते."

दाजींचं डोकं तापलं. कागद असेल तर मान, हा नियम त्यांचाच. गेल्या सभेत एका म्हातारीला तोच ऐकवून त्यांनी वाटेला लावलं होतं. त्यांनी कागद ओढला आणि खसाखसा लिहिलं: दुसरा मान खालच्या वाडीतल्या धुरींचा. त्यांचं घर बंद पडल्यापासून जागा रिकामी. राऊळांचा हक्क नाही. खाली अध्यक्ष म्हणून सही ठोकली.

अपेक्षाने शिक्का मारला. रेघ दिली. एकखाली पुन्हा तीन आला.

मग तिने खणातून दुसऱ्या मानासाठी आलेला एक अर्ज काढला. त्यावर आनंदी धुरींचा अंगठा होता आणि दाजींचा शेरा: पुराव्याअभावी नामंजूर. तिने दोन्ही कागद एकत्र टाचले.

"आनंदी माझी आजी," ती म्हणाली. "ती रेघ सकाळी मियांच पुसून टाकलंय."