पायातलं बळ

चाकणच्या जयमालाबाईंचे वार देवांनी आपसात वाटून घेतले होते. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, आणि मधूनच चतुर्थी नाहीतर एकादशी पाहुण्यासारखी टपकायची. उपास म्हणजे तरी काय, तुपात न्हालेली साबुदाण्याची खिचडी नि बटाट्याचे वेफर. होता होता पाय असे लटपटायला लागले की खाली बसलेल्या बाईला उठवायला दोन माणसं लागायची.

डॉक्टर म्हणाले, "आजी, अंगात आतून सूज आहे आणि मांड्यांचं मांस झडतंय. उपास बंद. डाळ, अंडी, मासळी खा आणि रोज व्यायाम करा."

मुलगा पिंटू कंपनीत सुपरवायझर. त्यानं आईचं पथ्य प्रॉडक्शनच्या टार्गेटसारखं अंगावर घेतलं. "पाप लागलं तर माझ्या नावावर," म्हणत तो स्वतः अंडी उकडायचा आणि शिफ्टला निघण्याआधी तिला खुर्चीतून उठबस करायला लावायचा.

चार-पाच महिन्यांनी म्हातारी मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या कठडा न धरता चढून आली. पिंटूची छाती फुगली.

"बघ आये, डॉक्टरचं ऐकलं म्हणून," असं म्हणत घरी आल्यावर त्यानं अंड्यांची ताटली तिच्यापुढे ठेवली.

जयमालाबाईंनी ती मागं सारली.



"डॉक्टरचं काय त्यात? दवाखान्यात बसल्या बसल्याच मी मारुतीला बोलले व्हते, पायात बळ दे, वरीसभर नुसत्या उपासाच्या फराळावर ऱ्हाईन."