कानामागची पावडर

“मिशी उडवलीत?” बायको दारातच थबकली. “अहो, कसे दिसताय! सोललेल्या बटाट्यासारखे!”

कंपाउंडरला आज चेष्टा सोसवत नव्हती. आरशाच्या कडेला त्याने एक फोटो खोचला होता. फोटोत एक विशीतला पोरगा होता. डोक्यावर दाट केस, गाल गुळगुळीत, आणि मानेवर ही एवढी पावडर फासलेली. कंपाउंडर एकदा फोटोकडे बघायचा, एकदा आरशाकडे, आणि पुन्हा फोटोकडे.

दवाखान्यात जन्मभर पुड्या बांधलेला हात त्याचा. एकही पुडी कधी कमी-जास्त भरली नव्हती. हनुवटीखालच्या खाचेपाशी मात्र रेझर अडखळला. तिथे तो नेहमीच अडखळायचा.

“आणि ओळखलं तर?” बायकोने विचारलं.

“ओळखलं तर संपलंच सगळं. परवाचा तमाशा पाहिलास ना? ‘हा कोण मेला, हाकला याला!’ तेव्हापासून म्हातारीच्या पोटात अन्नाचा कण नाही. एकच धोशा, माझा मुलगा येऊन भरवेल तेव्हाच तोंड उघडेन.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“आज खाल्लं नाही तर नाकातून नळी घालायची. त्या हाडांच्या सापळ्याला नळी सोसेल असं त्यांनाही वाटत नाही.”

बायको हळूच म्हणाली, “फसवाफसवीच की हो ही.”

“आहेच. चार घास पोटात जाऊ देत, मग काय ती शिक्षा दे मला.”

त्याने तळहातावर पावडर ओतली. फोटोतल्या पोराची रीत त्याला पाठ होती. आधी गालांवर दोन चापट्या, मग मानेवरून हात, मग कॉलरच्या आत, आणि जाता जाता कानांमागे. पुसायची घाई करायची नाही. नको नको म्हणताना पावडर सुरकुत्यांत जाऊन बसली. त्याने ती बोटाने सारखी केली. नाटक मंडळातून मागून आणलेला केसांचा टोप डोक्यावर चढवला. टोप जरा घट्टच होता. कपाळाला खाज सुटली, पण खाजवायची सोय नव्हती.

रिक्षात त्याच्या पायांना स्वस्थता नव्हती. दर सिग्नलला तो कॉलर चाचपायचा. वृद्धाश्रमाच्या फाटकाशी बायकोने त्याला आपादमस्तक न्याहाळलं, जीभ चावली आणि पटकन रुमाल काढला.

“शी! कानामागे केवढी पावडर राहिलीये. लोक काय म्हणतील?”

तिने दोन्ही कानांमागे खसाखसा पुसलं. त्याचं लक्षच नव्हतं. त्याचा जीव वरच्या मजल्यावरच्या खिडकीत अडकला होता.

जिन्यात आयाबाई भेटल्या. त्यांनी पडदे आधीच ओढून ठेवले होते. “सूप गरम आहे,” त्या कुजबुजल्या. “पण आज मूड काही खरा नाही हो. सकाळी माझ्याच हाताला चावल्या.”

खोलीत अंधुक उजेड होता. म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“आई,” त्याने हाक मारली. आवाज जमेल तेवढा तरुण काढला होता, तो मध्येच फाटला.

म्हातारी वळली. केसांकडे पाहिलं. गालांकडे पाहिलं. नाकाने हवा ओढली, आणि क्षणभर तिचा चेहरा उजळला. मग तिने त्याची मान धरून बाजूला वळवली, कान पुढे ओढला आणि एकदम हात मागे घेतला.

“हा तो नाही,” ती म्हणाली. “एवढं स्वच्छ त्याला कधी जमलंय? बाई, याला बाहेर काढा!”

तिने ओठ घट्ट मिटले. आयाबाईंनी चमचा पुढे केला, तो तिने उडवून लावला. दारातून बघणाऱ्या बायकोने हातातल्या रुमालाकडे पाहिलं आणि तिचं तोंड पांढरंफटक पडलं.

पळून जावंसं वाटलं कंपाउंडरला. पण मग त्याने खिशातून पावडरचा डबा काढला, तिच्याकडे पाठ केली, तळहात भरून घेतला आणि भसाभसा मानेवर मारला. कानांमागे तर लिंपलीच म्हणा ना.

“आई, उशीर झाला गं,” तो वळून म्हणाला. “आरशात नीट बघायलाही वेळ मिळाला नाही.”

म्हातारीने पुन्हा कान ओढला. आणि खुदकन हसली.

“गाढवा! गिरणीत झोपला होतास का?” तिने अंगठा जिभेला लावला आणि कानामागे घासून घासून पुसायला लागली. “बायको आल्यावर तरी सुधारशील का रे?”

दारात कुणीतरी हुंदका गिळला.

त्याने चमचा पुढे केला. ओठ उघडले. एक चमचा, दुसरा, मग तिने स्वतःच वाटी जवळ ओढली. आयाबाईंनी डोळ्याला पदर लावला.

“परवा एक टकला आला होता,” घास गिळून म्हातारी हळूच म्हणाली. “मिशाळ. मला आई आई करत होता. त्याला आत येऊ देऊ नकोस हं.”

“नाही येऊ देणार.”

तिचा अंगठा कानामागून जबड्यावर आला, चाचपडत खाली उतरला आणि हनुवटीखालच्या खाचेवर थांबला.

“दुखतं का रे अजून?”

“नाही, आई.”

कंपाउंडरने डोळे मिटून घेतले. तो सोळाचा होता, पहिलीच दाढी करताना रेझर सटकला होता, आणि रक्त थांबेपर्यंत हाच अंगठा पावडर घेऊन याच खाचेवर दाबून बसला होता.