सही बाकी शे
भडगावच्या चौकात ठेवलेलं जुनं लढाऊ विमान रंगवायचं काम विमानवेड्या मंडळाने मला, आधार पेंटरला, डावलून चुडामणला दिलं. ज्याला ब्रश धरायला मी शिकवलं, त्याला! उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तो मला न्यायला आला. "आबा, एकदा देखी ल्या." विमान असं चकाकत होतं की माझा जळफळाट झाला. तेवढ्यात वायुसेनेचं गोल चिन्ह दिसलं. केशरी कडेला हवा, हिरवा मधोमध. पठ्ठ्याने उलटं केलं होतं. उद्या सगळ्यांसमोर याची जिरेल, मी मनात म्हटलं; तोंडाने मात्र सगळं ठीक असल्याचं सांगितलं, "बठ्ठं बराबर शे." तो पाया पडला. "आता फक्त सही बाकी शे." सकाळी कापड सरकलं, टाळ्या पडल्या. पाहुणे निवृत्त वायुसैनिक होते. चिन्ह पाहून ते थबकले. "कुणी रंगवलं हे?" चुडामणने अभिमानाने चिन्हाखाली बोट दाखवलं. माझ्याच वळणाच्या अक्षरात लिहिलं होतं: 'आधार पेंटर, भडगाव'.