स्वयंपाकघरातून पास

लाकूड कापण्यापासून वायरी जोडण्यापर्यंत गिटारवाल्याचा हात कधी चुकला नाही, आणि हे तो स्वतःच छाती ठोकून सांगायचा. कान मात्र लाकूड कापायच्या यंत्राने केव्हाच खाल्ले होते. इलेक्ट्रिक गिटारच्या आत एखादी वायर नीट जुळली नाही, तर तारांना हात न लावताही स्पीकरमधून बारीक भुणभुण येते. ती त्याला ऐकूच यायची नाही. ऐकायची बायको, भिंतीपलीकडे भाजी चिरता चिरता.

“अहो, माशी शिरलीय तुमच्या गिटारीत!” असं ती ओरडली, की तो पुन्हा सगळं उघडायचा. काहीच ऐकू आलं नाही म्हणून तिने “लावली का नाही अजून?” असं विचारलं, की गिटार पास.

बायको गेल्यानंतरची ही पहिलीच गिटार. त्याने ती स्पीकरला जोडली, आवाज पार वर नेला आणि हात मांडीवर ठेवून बसला. काम चोख होतं, याबद्दल तो पैज लावायला तयार होता. पण संध्याकाळी गिऱ्हाईक येणार, आणि पास करणारं कुणी नाही.

भिंतीपलीकडे नवी सून भाजी चिरत होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

“बाबा, अजून लावली नाहीत का हो गिटार?”

“लावलीय की केव्हाची!” तो ओरडला. मग बायकोच्या फोटोकडे बघून अगदी हळू पुटपुटला, “झाली गं पास.”

“कोण पास झालं, बाबा?” सुनेने तिकडून विचारलं.