पप्पांची अट

"क्षितिजने कॅथलिक व्हायचं. तरच देईन," हॅम्बर्गच्या विवाह नोंदणी कार्यालयाबाहेर स्वरालीचे वडील बेनेडिक्ट पुन्हा म्हणाले. वधूच्या आईवडिलांच्या लग्नाचा दाखला आत मागितला होता. तो त्यांनी वसईहून आणला होता, पण खिशातून काढत नव्हते.

"अंकल, मी प्रॉटेस्टंटच राहणार," क्षितिज म्हणाला.

आतून नाव पुकारलं गेलं.

"पप्पा, आज चुकलं तर दोन महिने तारीख नाही." स्वरालीने हात पुढे केला.

त्यांनी दाखला काढून दिला. तिने तो उघडून वाचला. ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२. सही फादरची नव्हती, रजिस्ट्रारची होती. वधूचे, म्हणजे आईचे वडील: रेव्हरंड पद्माकर साळवे, अहमदनगर.

"आई तर अनाथ होती ना?" स्वरालीने विचारलं.

"नाही. तिचे वडील प्रॉटेस्टंट पाळक होते," बेनेडिक्ट म्हणाले. "दोन्ही चर्च नाही म्हणाले, म्हणून इंग्रजांच्या कायद्याने लग्न केलं. मग घरच्यांसाठी मीच तिला कॅथलिक व्हायला लावलं. तिचं माहेर तुटलं ते कायमचं. दोन मामा आहेत तुला."

ते क्षितिजकडे वळले.

"मी वसईच्या घरी बोलावलं तर तिचे मामा यायचे नाहीत. तू बोलावशील? तू त्यांच्या चर्चचा आहेस."