मृतसाठा

जानरावांची उभी हयात धरणाच्या दारावर चौकीदारी करण्यात गेली. त्यांची लेक रागिणी अमरावतीला भौतिकशास्त्र शिकत होती. सुट्टीत घरी आली आणि सांगू लागली, की पार रिकाम्या पोकळीतून सगळं काढून घेतलं तरी थोडी ऊर्जा उरतेच, आणि एक दिवस तिच्यावर आपले दिवे लागतील. जानराव खो खो हसले.

"हा तं आमचा मृतसाठा झाला, बाई! कालव्याच्या दाराच्या खाली राह्यलेलं पानी. डोयानं दिसते, पन कालव्यात थेंब येत नाही."

"पण आहे नं, बाबा!"

"असून काय कामाचं? जे काढता येत नाही, ते नाहीच समज."

रागिणी रुसली. जेवतानाही तिचं तेच चाललं होतं, "आहे नं पण!"

सुट्टी संपवून परत जाताना दर्यापूरजवळ तिची काळीपिवळी जीप उलटली. अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जानरावांना जवळ बसवून घेतलं आणि पडद्यावरची जवळजवळ सरळ झालेली रेघ दाखवली.

"काका, मेंदूत अगदी बारीकशी थरथर उरली आहे. पण तेवढ्यावर ती उठणार नाही, बोलणार नाही. मशीन चालू ठेवायचं की नाही, ते आता तुम्हीच ठरवा."

जानराव त्या रेघेकडे बघत राहिले. मग डॉक्टरांचा हात घट्ट धरून म्हणाले,

"पन हाये नं, साहेब?"